पेटीवर ५९१ दिसलं म्हणून चप्पल परत पाठवू नका

मुंबई, ठाणे, पुणे आणि आसपासच्या समस्त ऑनलाइन खरेदीदारांस,

सप्रेम नमस्कार.

तुम्ही मोबाइलवर ‘कोल्हापुरी’ टाकता, जोड पसंत करता, पैसे भरता आणि चार-पाच दिवसांत दारात पेटी येते. पेटीवर पाठवणाऱ्याचा पत्ता असतो निपाणी, पिन ५९१२३७. नाहीतर अथणी, ५९१३०४. जिल्हा बेळगाव, राज्य कर्नाटक. तिथंच माशी शिंकते. ‘कोल्हापुरी सांगून कर्नाटकातला माल खपवला’ असा शेरा, एक तारा आणि परतीची मागणी. कधीकधी तर पेटी न फोडताच.

म्हणून आधी हेच सांगतो. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते दोन्ही राज्यांना मिळून. महाराष्ट्रातले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजयपूर हे चार. अथणीत, निपाणीत, मदभावीत शिवलेला जोड कायद्यानं तितकाच कोल्हापुरी आहे, जितका खुद्द कोल्हापुरात शिवलेला. गाव कुणाचं हा वाद सीमाभागाला नवा नाही. निदान चपलेपुरता तरी तो निकालात निघाला आहे. तेव्हा ५९१ बघून दचकू नका.

हे पत्र लिहिणारे आम्ही याच पट्ट्यातून चपला, साड्या आणि थोडंफार गोडधोड कुरियरनं पाठवणारे लहान विक्रेते आणि पेट्या बांधणारी माणसं. तुमच्या खरेदीच्या काही सवयी आम्हाला रोज परत आलेल्या पेट्यांतून कळतात. त्यांतल्या बऱ्याचशा टाळता येण्याजोग्या आहेत, आणि टाळल्या तर तुमचेही आठ-दहा दिवस वाचतील.

सगळ्यात महाग पडणारी सवय म्हणजे एकाच चपलेचे आठ आणि नऊ असे दोन नंबर मागवायचे, बसेल तो ठेवायचा आणि दुसरा परत करायचा. कारखान्यातल्या स्पोर्ट्स शूजचं एकवेळ चालून जातं. हातानं शिवलेल्या, वनस्पतीच्या सालीनं कमावलेल्या चामड्याचा तळ मात्र फरशीवर चार पावलं टाकली तरी घासला जातो, आणि तो ओरखडा पुसून निघत नाही. असा जोड पुन्हा नवा म्हणून विकता येत नाही. हिशेब गोल आकड्यांत धरून बघा. जोडाची किंमत १,२०० रुपये. जायचं भाडं ९५, यायचं १०५, पेटी, कागद आणि टेप मिळून २५. जोड परत आला की हे २२५ रुपये गेले. एका जोडामागं सगळं वजा जाता १५० रुपये सुटत असतील, तर परतीचा एक जोड दीड जोडाची कमाई खातो. तुमच्या स्क्रीनवर ‘फ्री रिटर्न’ दिसतं. फुकट ते तुम्हाला असतं, भाडं कुणीतरी भरतंच. ते पुढच्या वेळी किमतीत चढतं, नाहीतर कारागिराच्या मजुरीतून कापलं जातं.

दोन नंबर मागवायची वेळ येते कारण पाय कुणी मोजत नाही. मोजायला दोन मिनिटं लागतात. संध्याकाळी मोजा, कारण दिवसभर चालून-उभं राहून पाय थोडा फुगतो आणि सकाळचं माप रात्री टोचतं. जमिनीवर कोरा कागद ठेवा, टाच भिंतीला टेकवा आणि त्या पायावर पूर्ण वजन देऊन उभे राहा. बसून घेतलेलं माप लहान येतं. सगळ्यात लांब बोटापुढं पेन्सिलीनं खूण करा. हे बोट अंगठाच असेल असं नाही, पुष्कळांचं दुसरं बोट लांब असतं. पेन्सिल सरळ उभी धरा. आत कलली की माप चार-पाच मिलिमीटरनं घटतं, आणि भारतीय नंबरात एका नंबराचा फरक मुळात साडेआठ मिलिमीटरचाच असतो, म्हणजे अर्धा नंबर तिथंच चुकला. दोन्ही पाय मोजा आणि मोठ्याचं माप धरा.

मग साइटवर नंबर निवडण्याआधी विक्रेत्याला एकच प्रश्न विचारा: या नंबराच्या तळाची लांबी किती सेंटिमीटर? पायापेक्षा तळ अर्धा ते एक सेंटिमीटर जास्त असावा. बुटांचा नंबर इथं आंधळेपणानं लावू नका. बुटात पायमोजा असतो, बोटांपुढं जागा असते, चपलेचा तळ उघडा असतो. एवढं ध्यानात ठेवा की चपलेचा पट्टा आणि अंगठा (बोट अडकवायचं कडं) वापरून सैल होतात, तळ लांबत नाही. म्हणून नवी चप्पल पट्ट्यात किंचित घट्ट लागली तर ती परत करायचं कारण नाही. टाच मागं तळाबाहेर आली तर आहे.

घालून बघायची तीही सतरंजीवर किंवा जुन्या चादरीवर, फरशीवर नव्हे. अंगठ्यात पाय सरळ घुसवू नका. आधी पट्ट्यातून पाय सरकवा, मग हातानं अंगठा मोकळा करून बोट घाला. ठेवायचं नक्की झालं की पट्ट्याच्या आणि अंगठ्याच्या आतून खोबरेल तेलाचं बोट फिरवून रात्रभर ठेवा. दुसऱ्या दिवसापासून घरातच रोज अर्धा-पाऊण तास घाला, आठवड्याभरात ती पायाची होते. पहिल्याच दिवशी घालून लग्नाला गेलात तर ती चावणारच, आणि मग ‘क्वालिटी खराब’ असं लिहिलं जातं. तेल मात्र बेतानं. थबथबून लावलं तर चामडं काळवंडतं आणि पट्टा लोळागोळा होतो.

दुसरी सवय ‘प्राइस लो टु हाय’ लावून पहिल्या तीन फोटोंतून निवडायची. त्या यादीत वर येतो तो बहुधा रेक्झिनचा माल. त्यावर ‘कोल्हापुरी स्टाइल’ लिहिलेलं असतं आणि आपल्या डोळ्यांना फक्त ‘कोल्हापुरी’ दिसतं. फोटोखाली खाली जा, तपशिलात वरच्या भागाचं आणि तळाचं साहित्य दिलेलं असतं. तिथं पीयू, सिंथेटिक, फॉक्स लेदर, व्हेगन लेदर यांपैकी काही असेल तर ते चामडं नव्हे. तळासमोर पीव्हीसी किंवा टीपीआर असेल तर तो प्लास्टिक-रबराचा. असा माल विकणं हा गुन्हा नाही, पावसाळ्यात तर तोच बरा. फक्त आपण काय घेतोय ते कळलेलं असावं.

माल हातात आल्यावर कापलेली कड बघा. खऱ्या चामड्याच्या कडेला तंतू दिसतात, बारीक लव असल्यासारखे. रेक्झिनच्या कडेला वर प्लास्टिकचा पापुद्रा आणि खाली कापड असे दोन सरळ थर दिसतात. वासही सांगतो. सालीनं कमावलेल्या चामड्याला हिरड्या-बाभळीचा उग्र, मातकट वास येतो. तो चार-पाच दिवस हवेत ठेवलं की उतरतो, वासासाठी चप्पल परत करू नका. आणि व्हिडिओत बघून काडीपेटी लावायची परीक्षा कृपया करू नका. जोड अस्सल निघाला तरी जळलेला जोड कोण परत घेणार? डाव्या-उजव्या पायाच्या रंगात थोडा फरक, तळावर जनावराच्या कातडीची एखादी जुनी खूण, वेणीच्या पेडांत एखादा बारीक-जाड, हे हातकामात येतंच. टाके सुटलेले, टाच हललेली, किंवा दोन्ही पाय डावेच आलेले, हे मात्र आमचे दोष. तिथं संकोच करू नका, बेलाशक परत करा.

पेटीबद्दलही तक्रार असते: ‘एवढ्या चांगल्या चपलेला एवढी चिंचोळी पेटी?’ कुरियरवाला फक्त वजन बघत नाही, आकारही बघतो. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि साधारणपणे ५,०००नं भागायचं. जो आकडा येतो तो किलोतलं आकारमानी वजन, आणि तो खऱ्या वजनापेक्षा जास्त असेल तर भाडं त्याचं. जोड असतो पाऊण किलोचा. पेटी ३२ बाय २० बाय ११ची घेतली तर वजन धरतात १.४ किलो. तीच ३० बाय १८ बाय ९ची केली तर एक किलोच्या आत बसते. म्हणून तळाला तळ लावून, मध्ये कागद घालून, जोड आवळून बांधतो. तो कागद फेकू नका. परत करायची वेळ आली तर जोड तसाच कागदात गुंडाळा, टॅग आत ठेवा आणि पेटी दुसऱ्या पिशवीत घालून मग टेप मारा. चपलेच्या पेटीवरच चारी बाजूंनी चिकटपट्टी आणि लेबल डकवून पाठवतात, तेव्हा चप्पल धड असली तरी पेटी कचऱ्यात जाते.

साडीचं वेगळंच. इरकल साडी पदर उलगडून बघताच पुष्कळांना अंग आणि पदर यांच्यामध्ये ‘जोड’ दिसतो आणि ‘डिफेक्टिव्ह, दोन तुकडे जोडलेत’ म्हणून साडी परत येते. तो जोड हीच इरकलची खूण आहे. अंगाचे उभे धागे आणि पदराचे उभे धागे वेगवेगळे असतात आणि एकेक धागा फासात फास अडकवून ते जोडतात. याला कोंडी म्हणतात. पदरावरच्या लाल-पांढऱ्या दातेरी नक्षीला तोप तेणी. यासाठी दर साडीचा ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, वेगळा करावा लागतो, एका ताण्यावर पाच-सहा साड्या सलग काढता येत नाहीत. ज्या साडीत हा जोड नाही आणि लाल पदर अंगात सरळ विणून गेलाय, ती बघून खरं तर प्रश्न विचारायला हवा.

लांबीचाही घोळ असतो. वार म्हणजे ९१ सेंटिमीटर आणि थोडं वर. सहावारी म्हणजे साडेपाच मीटर, ८० सेंटिमीटरचा ब्लाउजपीस धरून ६.३० मीटर. नऊवारी म्हणजे ८.२३ मीटर. यादीत ‘नऊवारी’ लिहून खाली साडेसात मीटर दिलेलं असेल तर काष्टा घालताना ते कळेल, आणि तोवर परतीची मुदत गेलेली असेल. तेव्हा नाव सोडा, मीटर वाचा. गुळेदगुड्डचा खण ब्लाउजसाठी मागवत असाल तर पन्हा विचारून घ्या. अरुंद पन्ह्याच्या खणात नेहमीच्या ८० सेंटिमीटरचं ब्लाउज निघेलच असं नाही. बेळगावच्या शहापूर-वडगाव-खासबाग भागातल्या साड्या आज बऱ्याचशा यंत्रमागावरच्या असतात. त्यात गैर काही नाही, पण ‘हातमाग’ म्हणून जादा पैसे मोजत असाल तर हातमागाची शिक्क्याची पट्टी मागून घ्या.

खाण्याच्या जिनसांबद्दल थोडक्यात. गोकाकचं करदंट गूळ, डिंक आणि सुक्या मेव्याचं, ते प्रवासाला बिनधास्त. कुंदा दुधाचा, त्याला चार दिवसांची वाट उन्हाळ्यात सोसत नाही. रात्रीच्या बसनं किंवा एका दिवसात पोचणाऱ्या सेवेनंच मागवा आणि डब्यावर १४ आकडी एफएसएसएआय (अन्नसुरक्षा परवाना) क्रमांक, बनवल्याची तारीख बघा. बेळगावचे मांडे कुरियरनं मागवणाऱ्यांना एवढंच सांगतो की ते पोचेपर्यंत भुगा होतो, तेव्हा तूर्त मनातच खा.

आता एक गोष्ट जी तुम्हाला दिसत नाही, पण जिच्यामुळं पेटीवरचं नाव आणि बनवणाऱ्याचं नाव वेगळं असतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून जीएसटी नोंदणी नसलेल्या लहान विक्रेत्याला मोठ्या ऑनलाइन बाजारावर माल विकायची मुभा मिळाली, पण फक्त आपल्या राज्याच्या आत. त्याचा अर्थ आमच्या पट्ट्यात असा होतो: निपाणीची बाई चारशे किलोमीटरहून लांब बीदरला माल विकू शकते, वीसेक किलोमीटरवरच्या कागलला नाही. मध्ये राज्याची हद्द आहे. तिचं गिऱ्हाईक, तिची भाषा, तिचे पाहुणे सगळे कागल-कोल्हापूर-पुण्याकडे. मग नोंदणी असलेल्या व्यापाऱ्याला माल द्यायचा, तो त्याच्या नावानं यादीत टाकतो, आणि किमतीतला एक वाटा मध्ये जिरतो. नोंदणी घ्यायची तर दर महिन्याचे-तिमाहीचे विवरण, हिशेबनिसाची फी आणि ऑनलाइन बाजार आधीच कापून घेतो तो कर: जीएसटीपोटी अर्धा टक्का, आयकरापोटी ०.१ टक्का. हे कर पुढं वळते होतात खरे, पण पैसे तेवढे दिवस अडकतात. सूट राज्याच्या आतल्यांना देताना शेजारचा जिल्हा दुसऱ्या राज्यात असणाऱ्यांचा विचार कुणी केलेला दिसत नाही.

यामुळं काही कारागीर थेट व्हॉट्सअ‍ॅप-इन्स्टाग्रामवर विकतात. तिथून घ्यायला हरकत नाही, पण दोन पथ्यं पाळा. पैसे पाठवण्याआधी त्याच मालाचा, आजची तारीख लिहिलेली चिठ्ठी शेजारी ठेवून काढलेला व्हिडिओ मागा. खरा विक्रेता तो पाच मिनिटांत देतो. आणि परतावा घेताना कुणी क्यूआर स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला सांगितलं तर फोन ठेवा. पैसे यायला पिन लागत नाही. गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

पत्त्याचं काय सांगावं! अ‍ॅपमध्ये ‘होम’ म्हणून दोन वर्षांपूर्वीची भाड्याची खोली तशीच असते. टॉवरचं नाव असतं, विंग नसते. फोन अनोळखी नंबर म्हणून उचलला जात नाही. पोरगा गेटवर येऊन जातो, दोन-तीन खेपांनंतर पेटी परत फिरते, आणि कॅश ऑन डिलिव्हरी असेल तर आमच्या हाती एक छदाम येत नाही, दोन्ही बाजूंचं भाडं तेवढं जातं. ऑर्डर देताना विंग, मजला, कोणतं गेट आणि दिवसा घरी असणाऱ्या माणसाचा नंबर, एवढं एकदा तपासा. उलट बाजूही आहे: तुम्ही घरात बसलेले असताना ‘ग्राहक उपलब्ध नाही’ असा मेसेज येतो, तो प्रकार आम्हालाही ठाऊक आहे. तेव्हा त्याच घटकेला अ‍ॅपवर तक्रार टाका आणि स्क्रीनशॉट ठेवा, म्हणजे दोष तुमच्या किंवा आमच्या माथी येत नाही.

पेटी फोडताना व्हिडिओ काढायचा तर लेबल दिसण्यापासून सुरू करा आणि दोन्ही तळ दाखवेपर्यंत मध्ये थांबवू नका. अर्ध्या फुटलेल्या पेटीपासून सुरू झालेला व्हिडिओ कुणाच्याच कामाचा नसतो. हे आमच्याही भल्याचं आहे, कारण नवा जोड जाऊन परतीच्या पेटीतून झिजलेला जुना जोड येतो असंही घडतं.

तुमचे हक्कही सांगून ठेवतो. २०२०च्या ई-कॉमर्स नियमांनुसार माल सदोष, बनावट किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघाला तर विक्रेता परत घ्यायला नकार देऊ शकत नाही. तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण द्यायचं असतं. नाही जमलं तर १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. २०१९च्या ग्राहक कायद्यानं तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करू शकता, बेळगावला खेटे घालायला नकोत. हा कायदा मन बदललं म्हणून घातलेली चप्पल परत करण्यासाठी नाही, पण फसवणुकीसाठी पुरेपूर आहे.

राहता राहिला पाऊस. मागणीची एक लाट येते ती नेमकी गणपतीच्या आधी, म्हणजे भर पावसात. कोल्हापुरी घालून लोक विसर्जनाच्या मिरवणुकीत जातात, तळ पाणी पितो, थर सुटतात आणि दुसऱ्या दिवशी परतीची मागणी येते. भिजली तर उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली धरू नका, चामडं तडकतं. आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून पंख्याखाली, तळ उभा करून दोन दिवस वाळवा, मग तेलाचं बोट. मुंबईच्या दमट हवेत आमची प्लास्टिकची पिशवी त्याच दिवशी काढून टाका. पिशवीत राहिलेल्या चपलेवर आठवड्याभरात पांढरी बुरशी चढते. ती कोरड्या कापडानं पुसली की जाते. मिरवणुकीत घालायलाच चप्पल हवी असेल तर रबरी तळाची मागवा, आम्ही तीही पाठवतो.

आणि मागवताना ‘विक्रेत्याला विचारा’ असा रकाना असेल तिथं पायाची लांबी सेंटिमीटरमध्ये लिहा. दुसरं काही लिहिलं नाहीत तरी चालेल.

कळावे,
निपाणी, अथणी आणि बेळगाव परिसरातले
काही लहान विक्रेते आणि पेट्या बांधणारे